जसे दाम तसा डबा

‘जसे दाम तसे काम’ असे आपण सहज बोलून जातो. दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाच्या पायांतील वहाणांकडे एक नजर टाकून कोणत्या फळीवरचा गठ्ठा खाली काढायचा हे ओळखणारा कापडवाला आपण सर्वांनी पाहिला आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या मंडळींना गादीवर बसवायचे, चहा सांगायचा, आणि एक खण घ्यायला आलेल्या बाईला उभ्या उभ्या वाटेला लावायचे, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. आता मात्र हे शिकवतात. व्यापार-व्यवस्थापनाच्या वर्गांत त्याचे रीतसर शास्त्र झाले आहे. गिऱ्हाइकांचे गट पाडा, प्रत्येक गटाची गरज आणि ऐपत ओळखा, आणि ज्याला जेवढी सेवा परवडेल तेवढीच त्याच्यापुढे ठेवा, असे हे शास्त्र सांगते.

यात वावगे काय, असे कुणी विचारील. वरवर पाहिले तर काहीच नाही. ज्याला मऊ गादी हवी आहे आणि तिचे पैसे द्यायची तयारी आहे, त्याला ती मिळावी. ज्याला नको आहे त्याच्या माथी तिचा खर्च मारू नये. दोघेही खूश, दुकानदारही खूश! पण इतिहासाच्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. तो विचारतो, हा प्रयोग पूर्वी कुणी मोठ्या प्रमाणावर, वर्षानुवर्षे करून पाहिला आहे काय? आणि पाहिला असेल तर त्यातून निष्पन्न काय झाले?

श्रोतेहो, असा प्रयोग झाला आहे, आणि तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. आगगाडीचे वर्ग म्हणजे तोच प्रयोग. इंजिन एक, रूळ एक, निघण्याची वेळ एक आणि पोहोचण्याची वेळही एक. तरी उतारूंचे तीन-तीन, चार-चार वर्ग. विकायची वस्तू मुळात एकच असताना तिच्या पायऱ्या कशा पाडल्या गेल्या, आणि त्या पायऱ्यांवरून माणसे कशी चढली-उतरली, हे पाहायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. तेव्हा आज त्या डब्यांचाच थोडा मागोवा घेऊ.

आरंभ इंग्लंडात झाला. लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग १५ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झाला. त्यापूर्वी तिथे घोड्यांच्या टपालगाड्या धावत. त्या गाड्यांत आत बसणाऱ्याला एक भाडे आणि बाहेर टपावर बसणाऱ्याला त्याहून कमी, असा रिवाज होता. आगगाडीने तोच रिवाज उचलला. वरच्या वर्गाचे डबे तर थेट घोडागाडीच्या सांगाड्यांसारखेच, एकापुढे एक जोडून बांधले होते. खालच्या वर्गाला मात्र बरीच वर्षे डबाच नव्हता. होती ती उघडी वाघीण. कित्येक मार्गांवर तिला वर छप्पर नाही, आणि काही ठिकाणी आत बाकसुद्धा नाही. इंग्लंडातील पाऊस, थंडी आणि इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्या, हे सारे तिकिटाबरोबर फुकट!

२४ डिसेंबर १८४१ रोजी पहाटे ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर, रेडिंग शहराजवळील सॉनिंगच्या खिंडीत दरड कोसळली आणि एक मालगाडी तीवर जाऊन आदळली. त्या गाडीत इंजिनाच्या मागेच तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या उघड्या वाघिणी जोडलेल्या होत्या. बाजूच्या फळ्या इतक्या बुटक्या की धक्का बसताच माणसे बाहेर फेकली गेली. मागच्या मालाच्या वाघिणींचा रेटा त्यांच्यावर आला. नऊ जण प्राणास मुकले. त्या गाडीत बरेचसे गवंडी आणि पाथरवट होते. लंडनमध्ये पार्लमेंटच्या नव्या इमारतीचे काम चालू होते, ते करून नाताळासाठी घरी निघालेले. राज्य ज्या वास्तूतून चालायचे तिचे दगड घडवणारी ही माणसे, आणि त्यांना घरी न्यायला मालगाडीची वाघीण!

या अपघातानंतर चौकशी झाली, आरडाओरड झाली, आणि १८४४ साली ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने पार्लमेंटने कायदा केला. प्रत्येक नव्या रेल्वेने रोज निदान एक गाडी अशी सोडावी की जिच्यात तिसऱ्या वर्गाला मैलामागे एक पेनीहून अधिक भाडे पडणार नाही, जिचा सरासरी वेग तासाला १२ मैलांहून कमी नसेल, आणि जिच्या डब्यांना बाक असेल व ऊन-पावसापासून आडोसा असेल. या गाड्यांना लोक पुढे ‘पार्लमेंटरी गाड्या’च म्हणू लागले. आता या कायद्याने काय केले, बघा. त्याने वर्ग मोडले नाहीत. पहिल्या वर्गाची गादी काढून घेतली नाही. त्याने एवढेच सांगितले की, पायऱ्या हव्या तितक्या बांधा, पण सर्वांत खालची पायरी जमिनीच्या खाली नेऊ नका.

परंतु इथे एक कोडे उरते. वाघिणीवर छप्पर घालायला असा कितीसा खर्च येतो? चार खांब आणि थोड्या फळ्या! पहिल्या वर्गाच्या मखमलीवर हात सैल सोडणाऱ्या कंपन्यांना हा खर्च का जड व्हावा?

या कोड्याचे उत्तर एका फ्रेंच इंजिनिअराने दिले. त्याचे नाव ज्यूल द्युप्वी. सरकारच्या रस्ते-पूल खात्यातला हा माणूस. पुलावर कर किती बसवावा, पाण्याचा दर किती ठेवावा, असल्या प्रश्नांचा विचार करता करता तो अर्थशास्त्रात शिरला. १८४९ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने रेल्वेच्या वर्गांची ही मेख उघड केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, छप्पर नसते ते खर्चाच्या भीतीने नव्हे. कंपनीला भीती असते ती दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्या माणसाची. तिसऱ्या वर्गात धड बसता आले तर तो तिथेच जाऊन बसेल! म्हणून तिसरा वर्ग इतका हालाचा करायचा की जरा ऐपत असलेल्याने त्याकडे फिरकू नये. गरिबाला त्रास होतो, पण त्याच्यावर कंपनीचा राग असतो म्हणून नव्हे. धाक घालायचा असतो तो त्याच्या वरच्याला. गरीब बिचारा मधल्यामध्ये भिजतो.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर असा देता येईल. एखाद्या खाणावळवाल्याने साध्या थाळीतला भात मुद्दाम करपवावा. का, तर स्पेशल थाळी खपावी म्हणून. साध्या थाळीत श्रीखंड नाही, याबद्दल कुणाची तक्रार नाही. श्रीखंडाला पैसे पडतात, ज्याने दिले त्याला मिळेल. पण भात करपवण्यात खाणावळवाल्याचा एक पैसाही वाचत नाही. तो करपतो तो दुसऱ्याला भीती दाखवण्यासाठी. गिऱ्हाइकांचे गट पाडून सेवा देण्याच्या या शास्त्रात जो काही बरेवाईटपणा आहे, तो सगळा श्रीखंड आणि करपलेला भात यांमधल्या फरकात आहे. गादी न देणे हा हिशोब झाला. छप्पर न देणे हा धाक झाला.

आता कुणी म्हणेल, धंदा म्हटला की धाक आलाच, त्यावाचून वरचा वर्ग चालणार कसा? याला उत्तरही इतिहासातच आहे, आणि ते एका रेल्वे कंपनीनेच दिले. इंग्लंडातील मिडलँड रेल्वेचे सूत्रधार जेम्स ऑलपोर्ट यांनी १८७२ साली आपल्या सर्व गाड्या, जलद गाड्यासुद्धा, तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना खुल्या केल्या. तोवर इंग्लंडात खालच्या वर्गाच्या माणसाला बहुधा रखडत जाणारी, आडवेळी सुटणारी गाडी मिळे. म्हणजे त्याच्या आरामाबरोबर त्याचा वेळही कापला जाई. पुढे १८७५ साली मिडलँडने दुसरा वर्ग अजिबात काढून टाकला, पहिल्याचे भाडे खाली आणले आणि तिसऱ्याच्या बाकांना गाद्या बसवल्या. इतर कंपन्यांनी बोटे मोडली. असे केल्यावर सगळेच तिसऱ्यात शिरतील, आपले दिवाळे निघेल, अशी हाकाटी केली. दिवाळे काही निघाले नाही. उलट हळूहळू त्यांनाही त्याच वाटेने यावे लागले. कारण साधे होते. रेल्वेचे पोट मूठभर श्रीमंतांवर भरत नाही. ते असंख्य साध्या उतारूंच्या तिकिटांवर भरते.

हीच गोष्ट आपल्या देशात तर फारच ठळकपणे दिसली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे आणि २१ मैलांचा रस्ता. तिच्या आधी कित्येक वर्षे मोठा वाद झडला होता. हा देश गरीब, इथले लोक जातपात मानणारे, शेजारी कोण बसेल या भयाने ते आगगाडीकडे फिरकणार नाहीत, रेल्वेने मालाच्या वाहतुकीवरच भिस्त ठेवावी, असे म्हणणारे पुष्कळ शहाणे होते. जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईच्या धुरीणांनी मात्र रेल्वेचा पहिल्यापासून पाठपुरावा केला होता. झाले काय, ते आपण जाणतोच. लोक आले, आणि लोंढ्याने आले. पंढरीला निघालेले, काशीला निघालेले, गिरणीत नोकरी शोधायला निघालेले, माहेरी निघालेले. आणि हे बहुतेक सगळे आले ते तिसऱ्या वर्गात. शहाण्यांचा अंदाज चुकला तो असा. पण म्हणून तिसऱ्या वर्गाचे भाग्य उजळले काय? मुळीच नाही. जो आपल्याकडून कुठे जात नाही, ज्याला दुसरी गाडीच नाही, त्याची मनधरणी कोण करणार!

इथेही जी थोडीबहुत जमीन पायाखाली आली ती कायद्याने आली. १८९० च्या रेल्वे कायद्यात दोन कलमे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक असे की, प्रत्येक डब्याच्या खणात जास्तीत जास्त किती माणसे बसवायची हा आकडा ठरवून तो तिथे ठळकपणे लिहिला पाहिजे. दुसरे असे की, उतारूंच्या प्रत्येक गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक खण स्त्रियांसाठी राखून ठेवला पाहिजे, आणि गाडी ५० मैलांहून दूर जाणारी असेल तर त्यात शौचकूप असले पाहिजे. हे दुसरे कलम नीट पाहा. गिऱ्हाइकांचे गट पाडण्याचाच हा प्रकार आहे. पण इथे गट पाडला तो ऐपतीवरून नव्हे, गरजेवरून. आणि सवलत दिली ती वरच्या वर्गाला नव्हे, सर्वांत खालच्या. भेद करावा तो असा!

आकडा लिहिला म्हणून तो पाळला गेला असे मात्र नाही. याची साक्ष महात्मा गांधींनी दिली आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये ते मुंबईहून मद्रासला मेलगाडीने तिसऱ्या वर्गातून गेले. तिकीट पडले तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर २२ उतारूंचा आकडा लिहिला होता, तोही केवळ बसण्यापुरता. दोन रात्रींचा प्रवास, आणि अंग टाकायला जागा नाही. पुण्यापर्यंत काही दांडग्या उतारूंनी दार अडवून धरल्यामुळे गर्दी आटोक्यात राहिली. रायचूरच्या पुढे मात्र ती असह्य झाली. या अनुभवावर गांधीजींनी वर्तमानपत्रांना एक पत्र लिहिले, आणि ते पुढे पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी जो प्रश्न विचारला तो एखाद्या मुरलेल्या व्यापाऱ्याला शोभणारा आहे. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडे अधिक. मग तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्याच्या एक पंचमांश, निदान एक दशांश तरी सुख मिळते काय? बैठकीची मखमल त्यांनी मागितली नाही. त्यांनी हिशोब मागितला. शिवाय, तिसऱ्या वर्गाच्या पैशांवरच वरच्या वर्गांची चैन चालते, हेही त्यांनी बजावले. आणि उपाय काय सुचवला? व्हाइसरॉयपासून राजेमहाराजांपर्यंत थोरामोठ्यांनी, आगाऊ वर्दी न देता, अधूनमधून तिसऱ्या वर्गाने प्रवास करून पाहावा!

गांधीजींच्या या तिसऱ्या वर्गाच्या व्रताची सुरुवात १९०२ सालची, आणि तिच्याशी आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचा संबंध आहे. गांधीजी कलकत्त्यास गोखल्यांकडे महिनाभर राहिले होते. तिथून राजकोटला तिसऱ्या वर्गाने जायचा त्यांनी बेत केला. गोखल्यांनी आधी तो हसण्यावारी नेला. पण हेतू समजल्यावर ते स्वतः स्टेशनवर पोचवायला गेले आणि पुऱ्या व लाडू भरलेला डबाही त्यांनी बरोबर दिला. पहिल्या वर्गाने जाणार असता तर मी आलो नसतो, अशा अर्थाचे ते बोलले. आत्मकथेतील याच प्रसंगात एक बारीकशी गोष्ट आहे, तीवर सहसा कुणाची नजर जात नाही. गोखल्यांच्या डोक्यावर रेशमी पागोटे होते, त्यांना फलाटावर जाताना कुणी अडवले नाही. त्यांच्याबरोबर थोर रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय होते, साध्या बंगाली पोशाखात; त्यांना तिकीट-तपासनिसाने दारातच रोखले! हे माझे स्नेही आहेत असे गोखल्यांनी सांगितले, तेव्हा कुठे त्यांना आत सोडले. वहाणा पाहून गठ्ठा काढणारा आपला कापडवाला आणि पागोटे पाहून दार उघडणारा हा तपासनीस, यांच्यात फरक तो काय?

इथवर आपण दामाने पडणाऱ्या वर्गांबद्दल बोललो. पण दाम मोजूनही काम होत नाही, असाही एक वर्गभेद होता, आणि तो डोळ्यांआड करून चालणार नाही. जून १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर गांधीजींना पहिल्या वर्गातून बाहेर काढले, तेव्हा पहिल्या वर्गाचे तिकीट त्यांच्या खिशात होते. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातले उदाहरण तर याहून जिव्हारी लागणारे आहे. १९०१ साली लहानगे भीमराव आंबेडकर आपल्या भावासह व भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. मुले नीटनेटक्या कपड्यांत, बरोबर भाड्याला पैसे. पण त्यांची जात कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना घेऊन जाईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी. तो बरोबर चालत येईल. बाबासाहेबांनी स्वतःच ही हकिकत लिहून ठेवली आहे. दाम दुप्पट आणि काम शून्य! स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा हाका आणि वेगवेगळ्या घागरी स्वातंत्र्यकाळापर्यंत होत्या. गिऱ्हाइकांचे गट पाडायला बसले की हाती आयती पडलेली विभागणी उचलण्याचा मोह होतो. आणि समाजात आयती विभागणी बहुधा जन्माची असते. व्यापाराचे शास्त्र तिला गट म्हणेल. आपण तिला तिच्या नावाने ओळखले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? पुण्या-मुंबईच्या माणसाने दख्खनच्या राणीकडे पाहावे, तिच्या अंगावर सगळा इतिहास वाचायला मिळेल. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली, तेव्हा तीत फक्त पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाच्या माणसाने तिला फलाटावरून पाहावे आणि आपल्या गाडीची वाट बघावी. १ जानेवारी १९४९ रोजी तिचा पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्याला पहिला म्हणू लागले. जून १९५५ मध्ये तिसरा वर्ग तीत प्रथमच आला. म्हणजे राणीच्या दारात पाऊल टाकायला सामान्य उतारूला पंचवीस वर्षे लागली. त्याच १९५५ साली देशभर जुना पहिला वर्ग रद्द झाला, दुसऱ्याला पहिला आणि ‘इंटर’ला दुसरा अशी नावे मिळाली. १९७४ साली तिसऱ्या वर्गाचे नावही गेले. त्याचे बारसे ‘दुसरा वर्ग’ असे झाले. बाक मात्र तेच राहिले, लाकडाचे. पाटी बदलली, पाठ शेकत राहिली.

ती पाठ खऱ्या अर्थाने टेकली १९७७ नंतर. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे आणि राजापूरहून लोकसभेत गेलेले मधु दंडवते त्या वर्षी रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांतील लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला घेतला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती वर्गहीन म्हणून. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे, पण गाडी जलद आणि मानाची. पुढे त्या गाडीलाही वातानुकूलित डबे लागले, हा भाग वेगळा. पण फोम राहिला, देशभर पसरला. पहिल्याला खाली ओढायचे नाही, दुसऱ्याला वर आणायचे, अशी दंडवत्यांची भूमिका होती. दोन इंच फोमने रेल्वे बुडाली नाही, आणि वरच्या वर्गांची तिकिटेही खपायची थांबली नाहीत. द्युप्वीच्या कोड्याचे हे मराठी उत्तर म्हणायला हरकत नाही!

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. गांधीजींच्या वेळी तिसरा वर्ग वरच्यांना पोसत होता. आज तसे म्हणता येणार नाही. उतारूंच्या वाहतुकीचा खर्च भाड्यातून पुरा भरून निघत नाही, त्याची तूट बरीचशी मालवाहतूक सोसते. अशा वेळी ज्यांची ऐपत आहे त्यांनी अधिक सुखाचे अधिक दाम द्यावेत, यात गैर काहीच नाही; उलट त्या पैशाने खालची पायरी सावरली जाईल तर ते इष्टच आहे. १९९३ साली तीन मजली वातानुकूलित डबे आले आणि मध्यमवर्गाने ते उचलून धरले, ते काही उगीच नाही. वर्ग असणे हा गुन्हा नव्हे.

मग गुन्हा कशात? मुंबईच्या लोकलचे अलीकडचे उदाहरण घेऊ. २५ डिसेंबर २०१७ रोजी तिथे पहिली वातानुकूलित लोकल धावली. उकाड्यात घामाघूम होणाऱ्या शहरात ती नको असे कोण म्हणेल? मे २०२२ मध्ये तिचे एका खेपेचे भाडेही जवळजवळ निम्म्याने उतरवले. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूर इथले उतारू रागाने उठले, आणि मध्य रेल्वेला नव्याने सोडलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. कारण काय? रूळ तेवढेच, वेळापत्रकातील जागा तेवढ्याच. तेव्हा नवी गार गाडी आली ती साध्या गाडीच्या वेळेवर. साधा पास खिशात असलेल्या माणसाची नेहमीची गाडी गेली, आणि पुढच्या साध्या गाडीत दुप्पट गर्दी झाली. कुणाला थंड हवा मिळाली याचा त्याला राग नव्हता. आपली गाडी गेली याचा राग होता.

श्रोतेहो, या साऱ्या प्रवासातून हाती काय लागते, ते थोडक्यात सांगून रजा घेतो. गिऱ्हाईक पाहून सेवा ठरवणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला, मग ती आगगाडी असो, बँक असो, नाही तर इस्पितळ असो, तीन प्रश्न विचारावेत. पहिला: खालच्या वर्गाला जे दिले नाही, ते देण्याला खरोखर पैसे पडत होते, की ते केवळ वरच्याला धाक म्हणून काढून घेतले? दुसरा: वरच्यासाठी जे नवे आणले, त्याची जागा कुणाच्या ताटातून काढली? आणि तिसरा: पैसे मोजणाऱ्या प्रत्येकाला ती पायरी चढता येते, की तिथे पागोटे, कातडी आणि जात तपासायला कुणी उभा आहे?

इस्पितळात स्वतंत्र खोलीचे पैसे वेगळे असतात, ते असावेत. खिडकीला पडदा, नातेवाइकाला खाट, सगळे खुशाल असावे. पण औषध खोलीतल्याला एक आणि जनरल वॉर्डातल्याला दुसरे, असे झाले तर आपण ते खपवून घेणार नाही. प्रत्येक सेवेत असे एक ‘औषध’ असते. रेल्वेत ते म्हणजे जीव सुरक्षित राहणे, वेळेवर पोचणे, आणि माणसासारखे बसायला मिळणे. तेवढे सर्वांना सारखे मिळाले की मग उरलेल्याचा बाजार खुशाल भरवावा. सॉनिंगच्या खिंडीपासून बदलापूरच्या फलाटापर्यंत लोकांनी सतत मागितले ते एवढेच. आणि जिथे जिथे ते मिळाले, तिथे ते बहुधा कुणीतरी हिशोब मागितला म्हणून मिळाले. तो मागायची सवय आपण सोडू नये.